ताटली फिरते, पण आमटी गारच!

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



मी काही भाषणे करणारी बाई नव्हे. सातवी झाले नि माझी शाळा सुटली. पुढचे सारे शिक्षण चुलीपुढेच झाले. दरवर्षी वर्धापनदिनाला मी मागच्या रांगेत बसते आणि कार्यक्रम संपत आला की चहाचे पाहायला उठते. यंदा चिटणीसबाईंनी हाताला धरून पुढे आणले. त्या म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या ओव्हनची हकीगत तुम्ही हळदीकुंकवाला सांगितलीत, तेव्हा चारजणींनी घरी जाऊन आपापला ओव्हन तपासून पाहिला. तीच आज सगळ्यांना सांगा." तेव्हा चुकले-माकले तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे मायक्रोवेव्ह ओव्हन आला तो २०१८ च्या दिवाळीत. थोरली मुलगी पुण्याला नोकरीला लागली होती. तिने पहिल्या पगारातून तो घेतला. मला वाटले, पैठणी आणली असती तर चार वेळा नेसले तरी असते! सासूबाई तर त्याच्याकडे संशयानेच पाहत. "अगो, विस्तव नाही, धूर नाही आणि भात ऊन होतो, म्हणजे ही भुताटकीच की!" असे म्हणून महिनाभर त्यांनी त्यातले काही खाल्ले नाही.

पण पुढे तो ओव्हन खरा झाला तो त्यांचाच. त्यांचे वय आता ऐंशीच्या घरात. हाताला कंप सुटलेला. एकदा त्यांनी गॅसचे बटण फिरवले, काडी काही पेटेना, आणि गॅस तसाच चालू राहिला. त्या दिवसापासून आम्ही त्यांना गॅसला हात लावू देईनासे झालो. ज्या बाईने पन्नास वर्षे घर जेवू घातले, तिला घोटभर पेज ऊन करून घ्यायची तरी माझी वाट पाहावी लागे. मी दुपारी ह्यांचा डबा घेऊन दुकानावर जाते, परतायला कधी दोन तर कधी अडीच होतात. ओव्हनमुळे त्यांची ती अडचण गेली. झाकण उघडायचे, वाडगा ठेवायचा, एकच बटण दोनदा दाबायचे. ते बटण कळावे म्हणून मी त्यावर कुंकवाएवढी लाल टिकली चिकटवली होती. आपले जेवण आपल्या हाताने ऊन करून घेताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे, ते पाहून मला पैठणीचा विसर पडला.

आता मूळ हकीगत. २०२४ साली गणपती ७ सप्टेंबरला बसले. त्याच्या आधीच्या आठवड्यात घराची साफसफाई, चकली-करंज्या, मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांची अंथरुणे, असा सगळा घोळ चाललेला. त्या गडबडीत ओव्हन कधी तापवी, कधी तापवीत नसे. मी लक्ष दिले नाही. दिवा लागतो, पंखा घुमतो, ताटली फिरते, शेवटी टिंग वाजते, मग बिघडले ते काय? देवळात प्रदक्षिणा घालून यावे तसा वाडगा फिरून यायचा. अंगाला ऊब मात्र नाही!

चतुर्थीच्या तीन दिवस आधी सासूबाईंना उलट्या-जुलाब सुरू झाले. रात्री डॉक्टरांकडे नेले, सलाइन लावावे लागले. डॉक्टरांनी विचारले, "काय खाल्ले होते?" आदल्या रात्रीची मुगाची आमटी नि भात. भांडी फ्रिजमध्ये गेली होती तीही उशिराच, सगळी आवराआवर झाल्यावर. डॉक्टर म्हणाले, "उरलेले अन्न बाहेर ताटकळत ठेवू नका, लवकर थंड करून फ्रिजमध्ये टाका. आणि पुन्हा द्यायचे तर मध्यापासून वाफ निघेपर्यंत तापवा. कोमट करून देणे सर्वांत वाईट. भात फार वेळ बाहेर राहिला असेल तर तो तापवूनही उपयोग नाही, टाकूनच द्या."

मी घरी येऊन त्यांच्या उशाशी बसले आणि म्हटले, "आई, आमटी गार होती तर मला सांगितले का नाही?" त्या क्षीण आवाजात म्हणाल्या, "चार दिवस गारच लागत होती गो. मला वाटले, माझेच बटण चुकते. म्हातारपणी हेही जमेना म्हटले, तर तुम्ही हाही डबा काढून घ्याल."

भगिनींनो, हे ऐकले आणि माझ्या पोटात कालवले. कारण मीही तेच केले होते. एकदा माझा चहा गार निघाला, तेव्हा मीही मनात म्हटले होते की आपल्याला इंग्रजी वाचता येत नाही, आपलेच काही चुकले असेल. यंत्र बिघडले की आपण बायका आधी स्वतःलाच अडाणी ठरवतो. आज मी उभी आहे ती मुख्यतः हे सांगायला.

दुसऱ्या दिवशी एका दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने प्लग लावला, ताटली फिरताना पाहिली आणि पाच मिनिटांत निकाल दिला: "मॅग्नेट्रॉन गेला. चार हजार दोनशे पडतील. त्यापेक्षा नवा घ्या." मी विचारले, "मॅग्नेट्रॉन म्हणजे काय हो?" तो हसून म्हणाला, "ताई, ते तुम्हाला नाही कळायचे." सणाच्या तोंडावर चार हजार रुपये कोठून आणायचे? मी त्याला चहा दिला नि परत पाठवले.

संध्याकाळी भाचा आला. तो मोबाइलवर एक चित्रफीत पाहून तयार होता. म्हणाला, "मामी, प्लग काढला की वीज गेली. मागचे स्क्रू काढतो, एक तार डायरेक्ट करतो, दहा मिनिटांचे काम." स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन तो बसलाही होता. देवाची कृपा म्हणायची, खाऱ्या हवेने स्क्रू असे गंजले होते की एकही हलेना. आपल्या मांडवीच्या वाऱ्याला आपण नेहमी नावे ठेवतो, पण त्या दिवशी त्याच वाऱ्याने पोराला वाचवले. ते कसे, ते पुढे सांगते.

त्या रात्री घर निजले तेव्हा मी एकटीच स्वयंपाकघरात बसले. भांडेभर पाणी आत ठेवले, टिकलीचे बटण दाबले आणि डोळे मिटून नुसते ऐकत राहिले. आपण बायका आवाजावरून किती गोष्टी ओळखतो! भात शिजत आल्याचा आवाज वेगळा, दूध वर येण्याचा वेगळा. जुन्या पंपाच्या स्टोव्हचे भोक तुंबले की त्याची घरघर बदले, आणि सासूबाई न पाहताच पिन मागत. पंप मारताना दाब धरेना, तर आतले चामड्याचे वायसर वाळले हे ओळखून त्या त्याला खोबरेल लावीत. त्यांना कोणी शिकवले होते? कानांनी आणि हातांनीच ना!

ऐकता ऐकता माझ्या ध्यानात आले की ओव्हन नीट चालत असे तेव्हा पंख्याच्या आवाजाखाली आणखी एक जाड 'घूंऽ' असा आवाज येत असे. तो आज नव्हता. मी दारावर तळहात ठेवून जरा आत रेटले, तर 'घूंऽ' सुरू! हात सैल केला, बंद! पुन्हा रेटले, पुन्हा सुरू. दोन मिनिटांनी पाणी ऊन झाले होते. म्हणजे चूल गेलेली नव्हती. दुखणे दाराशी होते.

येथे एक चूक कबूल करते. पुढले दोन दिवस मी दाराला पाटा टेकवून ओव्हन चालवला. हुशारी केली असे वाटले होते. ती हुशारी नव्हती, मूर्खपणा होता.

साळवी स्टॉपच्या बाजूला एक मध्यमवयाचे कारागीर आहेत. रिक्षाने ओव्हन त्यांच्याकडे नेला आणि काय काय ऐकले, कधी ऐकले, हात लावल्यावर काय झाले, हे वैद्याला लक्षणे सांगावीत तसे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "वहिनी, निम्मे काम तुम्हीच केलेत." भगिनींनो, सातवीचा निकाल लागला तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता!

ओव्हन उघडताना त्यांनी मला चार हात लांब उभे केले आणि सगळे समजावून सांगितले. माझ्या भाषेत सांगायचे तर ओव्हनचे पोट हे पंपाच्या स्टोव्हसारखेच. भिंतीतली वीज २३० व्होल्टची. आतला ट्रान्सफॉर्मर, म्हणजे जणू पंप, तिचा दाब वाढवतो. कपॅसिटर म्हणजे टाकी, तिच्यात दाबाखालची वीज साठते. डायोड म्हणजे एका दिशेनेच जाऊ देणारी झडप. ह्या सर्वांनी मिळून सुमारे ४,००० व्होल्टचा दाब मॅग्नेट्रॉनला मिळतो, आणि मॅग्नेट्रॉन हा बर्नर. फरक इतकाच की त्यातून ज्वाळा न निघता लहरी निघतात. त्या सेकंदाला सुमारे २४५ कोटी वेळा हेलकावतात आणि अन्नातल्या पाण्याचे कण त्यांच्याबरोबर हेलकावू लागतात. त्या घुसळणीने अन्न तापते. पण लहरी इंचभराच्या आसपासच आत शिरतात, मधला भाग बाहेरच्या ऊबेने हळूहळू तापतो. म्हणून मध्येच एकदा ढवळायचे आणि झाल्यावर मिनिट-दोन मिनिटे तसेच झाकून ठेवायचे.

आता भाच्याची गोष्ट. प्लग काढला तरी त्या टाकीत वीज शिल्लक राहू शकते. ती ओसरावी म्हणून सोय केलेली असते, पण ती सोयच बिघडलेली असली तर? नुसता हात लागला तरी माणूस जागच्या जागी जायचा. कारागिरांनी आधी खास साधनाने ती टाकी रिकामी केली, मगच बोट लावले. ते म्हणाले, "बाकीच्या बऱ्याच वस्तू बिघडल्या तर प्लग काढून उघडता येतात, पण हिच्या बाबतीत ते विसरायचे." हे ऐकून मला घाम फुटला. बहिणीला मी काय तोंड दाखवले असते?

आणि दाराचे दुखणे काय निघाले? दाराला दोन आकडे असतात. दार लागले की ते आत जाऊन बारीक स्विच दाबतात. सगळे स्विच दाबल्याशिवाय लहरी सुटायच्या नाहीत, अशी ती योजना. आमचा एक आकडा झिजला होता. त्यामुळे दिव्याचा आणि ताटलीचा स्विच दाबला जाई, पण चुलीचा अर्धवटच राही. आकडा नि स्विच दोन्ही बदलून, दाराच्या कडेने लहरी बाहेर येत नाहीत ना हे यंत्राने तपासून, सगळे मिळून ४५० रुपये झाले. कोठे चार हजार दोनशे, आणि कोठे साडेचारशे!

पाट्याबद्दल मात्र त्यांनी मला चांगलेच सुनावले. ते म्हणाले, "दार ही लहरी अडवणारी भिंत आहे. दाराच्या काचेमागे जी भोकाभोकांची जाळी दिसते, ती धातूची. लहर सुमारे १२ सेंटिमीटर लांबीची, ती एवढ्याशा भोकांतून बाहेर पडत नाही. पण दारच सैल असेल तर जाळीचा काय उपयोग? आणि स्विच डायरेक्ट केला, तर दार उघडे असतानाही चूल पेटेल. कोणी स्वस्तात तसे करून देतो म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवा."

हे सगळे मी मुलीला फोनवर सांगितले, तेव्हा तिने मला आणखी एक गोष्ट सांगितली. हा मॅग्नेट्रॉन मुळात स्वयंपाकासाठी नव्हताच. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची विमाने हुडकणाऱ्या रडारसाठी १९४० साली इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या विद्यापीठात तो नव्या रूपात घडला. पुढे १९४५ साली अमेरिकेत पर्सी स्पेन्सर नावाचे गृहस्थ चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभे असताना त्यांच्या खिशातली चॉकलेटची वडी वितळली. दुसरा असता तर खिसा धुऊन मोकळा झाला असता. त्यांनी मक्याचे दाणे आणून लाह्या फोडून पाहिल्या. १९४७ साली पहिले ओव्हन निघाले ते माणसाएवढे उंच आणि साडेतीनशे किलोंच्या जवळपास वजनाचे! घरच्या ओट्यावर मावेल असा ओव्हन निघायला १९६७ साल उजाडावे लागले. आणि हे स्पेन्सर किती शिकलेले? बारा वर्षांचे असताना शाळा सोडून गिरणीत कामाला लागलेले! बाकीचे सगळे पाहून, विचारून आणि रात्री जागून शिकले. हे ऐकल्यापासून मी माझी सातवी सांगताना मान खाली घालीत नाही.

आता ओव्हन तापवीनासा झाला तर घरच्या घरी काय पाहायचे, ते थोडक्यात सांगते. ह्यांतल्या कशालाही स्क्रू ड्रायव्हर लागत नाही.

पहिली गोष्ट, पाण्याची परीक्षा. चिनी मातीच्या किंवा ओव्हनला चालणाऱ्या काचेच्या भांड्यात पाव लिटर पाणी घ्या, त्यात लाकडी डाव उभा ठेवा आणि पूर्ण पॉवरवर दोन मिनिटे चालवा. पाणी चांगले कढत झाले पाहिजे. डाव अशासाठी की, नितळ पाणी कधी कधी न उकळताच फार तापते आणि हलवताच अंगावर उसळते. डाव असला की हा धोका कमी होतो.

दुसरी गोष्ट, बटणे. आमच्या शेजारच्या वहिनी रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "आमचाही गेला!" पाहते तो त्यांच्या नातवाने खेळता खेळता बर्फ वितळवायच्या खुणेवर काटा फिरवून ठेवलेला! त्या खुणेवर चूल थोडी पेटते, थोडी विझते. काटा पूर्ण पॉवरवर आणला आणि बिघाड नाहीसा झाला. वहिनींनी मला फणसपोळी दिली, तेवढीच माझी फी.

तिसरी गोष्ट, विजेचा दाब. रात्री दिवे मिणमिणत असले, पंखा मंदावला, की ओव्हनही मंदावतो. ओव्हनला मोठ्या पिनांचे, १६ अँपिअरचे, भिंतीतले स्वतंत्र भोक द्या. मिक्सर, फ्रिज आणि ओव्हन एकाच लोंबत्या जोडवायरवर लावू नका. प्लग हाताला गरम लागला तर तोही बिघाडच समजा.

चौथी गोष्ट, दार. बिजागरी सैल नाही ना, कडेला चिकट राप साचून दार अर्धवट लागत नाही ना, आकडा मोडला नाही ना, हे पाहा. प्लग काढून ओल्या फडक्याने कडा पुसा. पण दार वाकडे झाले असेल तर ओव्हन चालवूच नका, आणि पाटा तर मुळीच टेकवू नका.

पाचवी गोष्ट, आतल्या भिंतीवरचा अभ्रकाचा पातळ तुकडा. पुष्कळजणी त्याला पुठ्ठा समजून काढून टाकतात. त्याच्यामागूनच लहरी येतात. त्यावर तूप-तेल उडून तो जळला की ठिणग्या उडतात. तो रोज हलकेच पुसा, जळला असेल तर चालवायचे बंद करून बदलून घ्या.

सहावी गोष्ट, कान. नेहमीचा 'घूंऽ' येतो का, की नुसता पंखाच वाजतो? की कधी नव्हे ती मोठी गुरगुर आणि जळका वास येतो? वास आला तर लगेच भिंतीवरचे बटण बंद करा.

आपल्या कोकणातल्या हवेसाठी एक जास्तीची गोष्ट. पावसाळ्यात मुंग्या, झुरळे आणि पाली उबेला म्हणून मागच्या भोकांतून आत शिरतात, आणि खारा दमट वारा पत्रा खातो. म्हणून ओव्हन भिंतीला अगदी चिकटवू नका, वारा खेळू द्या. पण त्यावर विणलेले रुमाल घालून भोके बुजवू नका, शोभेपेक्षा श्वास महत्त्वाचा. आणि आत काही न ठेवता कधी चालवू नका, लहरींना शोषून घ्यायला काही नसले की त्या मॅग्नेट्रॉनवरच उलटतात.

एवढे पाहूनही तापत नसेल तर झाकणाच्या आतले काम जाणत्या माणसाचे. आपली हद्द झाकणाच्या अलीकडे. पण अलीकडचे सगळे आपले आहे, आणि पलीकडे काय केले हे विचारण्याचा हक्कही आपला आहे. बदललेला भाग परत मागा, तो कशाने गेला ते विचारा. जो म्हणेल "तुम्हाला नाही कळायचे", त्याला चहा द्या आणि दुसरा पाहा.

गणपतीच्या दिवशी सकाळी सासूबाई उठून स्वयंपाकघरात आल्या. पंगतीसाठी उकडीचे मोदक मोदकपात्रातच झाले, तो मान ओव्हनला देणार नाही! पण दुसऱ्या दिवशी उरलेले दोन मोदक त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळले, आत ठेवले, थरथरत्या बोटाने टिकली दाबली आणि कान देऊन उभ्या राहिल्या. 'घूंऽ' आला तशी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ऐक गो, पेटली चूल!" आता त्या रोज आधी ऐकतात आणि मग खातात. आणि आमटी गार लागली तर पहिली हाक मला मारतात, "सूनबाई, तुझा ओव्हन पाहा, माझे बटण बरोबर आहे!"

भगिनींनो, आपल्या घरात ज्या म्हाताऱ्या आहेत, ज्या नव्या सुना आहेत, त्या काही गार खाऊन गप्प बसल्या नाहीत ना, हे आज घरी गेल्यावर जरूर विचारा. पावभर पाणी आणि दोन मिनिटे, एवढाच खर्च आहे.

चहा तयार झाला असेल, मी पाहून येते.